सातवं कलम

गरोदर बाईने मरणाचे कागद करू नयेत असं कुठल्या पोथीत लिहिलंय का, ते मी शोधलेलं नाही. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरात ते न लिहिताच पाळतात. चौथा महिना संपत आला होता, वटपौर्णिमा तोंडावर होती आणि मी इच्छापत्राचा मसुदा लिहायला घेतला. मालमत्तेचं नव्हे, शुद्ध हरपली तर माझ्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते नकोत, ते आधीच सांगून ठेवणारं. सासूबाई म्हणाल्या, "पोटुशा बाईनं वडाला दोरा गुंडाळायचा की वकिलाकडे जायचं?" मी म्हटलं, "दोन्ही करते." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, पण पटलं म्हणून गप्प बसल्या असं समजायचं कारण नव्हतं.

मी नर्स. बरीच वर्षं आयसीयूत काढली, आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. २०२५ च्या मे महिन्यात अ‍ॅड्रियाना स्मिथची बातमी सगळीकडे फिरत होती, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्येही तोच विषय. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातली ही तरुण मुलगी स्वतः नर्स. फेब्रुवारीत मेंदूत रक्ताच्या गुठळ्या होऊन ती ब्रेन डेड झाली, म्हणजे मेंदू कायमचा बंद पडला आणि शरीर यंत्रांवर राहिलं, तेव्हा जेमतेम नववा आठवडा होता. त्या राज्यात गर्भाचे ठोके लागले की, म्हणजे साधारण सहाव्या आठवड्यानंतर, गर्भपाताला बंदी आहे. त्या कायद्यामुळे यंत्रं बंद करता येत नाहीत, असं डॉक्टरांनी आपल्याला सांगितल्याचं घरच्यांचं म्हणणं होतं. पुढे राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या कार्यालयानेच खुलासा केला की कायदा असं काही सांगत नाही, व्हेंटिलेटर काढणं हा गर्भपात नव्हे. तोवर आठवडे निघून गेले होते. १३ जूनला सिझेरियन झालं. मुलगा आठशे ग्रॅमच्या थोडा वर. १७ जूनला तिची यंत्रं काढली.

तिच्या आईचं एक बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. आम्ही बंदच करा म्हटलं असतं असं नाही, पण निर्णय आमचा असायला हवा होता, अशा अर्थाचं ती बोलली होती. कुणाही आईने हेच म्हटलं असतं. मी मात्र 'आमचा'वर अडले. आमचा म्हणजे कुणाकुणाचा? माझ्या बाबतीत त्यात माझा नवरा सुहास येतो, सासूबाई येतात, नाशिकची माझी आई येते, सुहासचे काका येतात (ते येतातच). मी कुठे?

ब्रेन डेड शरीर कसं दिसतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. ते मेलेलं दिसत नाही. छाती वरखाली होते, अंग गरम लागतं, मॉनिटरवर ठोके पळत असतात. नातेवाईक विचारतात, "सिस्टर, झोपलीय ना?" तपासणीची वेळ येते तेव्हा व्हेंटिलेटर सोडवतात, नळीतून नुसता ऑक्सिजन चालू ठेवतात आणि सगळे छातीकडे डोळे लावून उभे राहतात. आठ-दहा मिनिटं. मी गाऊनची कड धरून उभी राहिलेली आहे, छाती नीट दिसावी म्हणून. रक्तातला कार्बन डायऑक्साइड साठच्या वर जातो आणि तरी एकही श्वास येत नाही. आपल्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने हे सगळं दोनदा करायचं, मध्ये निदान सहा तास ठेवून, आणि मग ब्रेन डेथच्या दाखल्याचा फॉर्म १० भरायचा.

त्यानंतरचं शरीर सांभाळणं हे खरं काम. मेंदू गेला की त्याच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी गेली. लघवी अडवून धरणारं हार्मोन थांबतं, दर तासाला पिशवी फुगते, सोडियम चढत जातं. मग व्हॅसोप्रेसिनचं ड्रिप, थायरॉइडचं औषध, स्टेरॉइड, बीपीसाठी नॉरअ‍ॅड. शरीराला स्वतःची ऊब राखता येत नाही म्हणून गरम हवेचं पांघरूण. दोन तासांनी कुशीवर करायचं, तोंड साफ करायचं, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम लावून पट्टी. त्यात गरोदरपण असेल तर दिवसातून अनेकदा डॉपलरने बाळाचे ठोके. कधी ना कधी न्यूमोनिया होतोच. हे सगळं जमत नाही असं नाही. चेक प्रजासत्ताकात ब्रनो शहरात २०१९ साली एका आईचं शरीर ११७ दिवस सांभाळलं, तिथल्या स्टाफने चालल्यासारखे तिचे पाय हलवले, पोटातल्या बाळाशी आजी बोलायची, आणि मुलगी २ किलो १३० ग्रॅमची झाली. तिथे घरचे सोबत होते. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी २०१० साली तोवर जगभर नोंदल्या गेलेल्या अशा तीस केसेस गोळा केल्या, त्यांत बारा बाळं जगली होती. ज्या फसतात त्यांतल्या किती नोंदल्याच जात नाहीत, ते आयसीयूत काम केलेल्या माणसाला सांगायला नको.

एक मी स्वतः पाहिली. रुग्णालयाचं नाव घेत नाही, ते महत्त्वाचंही नाही. असं कुठेही घडलं असतं. गावाकडची मुलगी, स्कूटरवरून पडलेली, अठरा-एकोणीस आठवडे. बुबुळं पसरलेली, खोकला नाही, काही नाही. नवरा पोरगेला, जिन्याच्या पायरीवर बसून राहायचा, बोलायला सासरे. त्यांचे प्रश्न दोन: बाळ वाचेल का, आणि रोजचा खर्च किती. ब्रेन डेथची तपासणी करू या का असं कुणीतरी विचारलं तेव्हा मोठे डॉक्टर म्हणाले, "अवयव देणार नाहीत तर टेस्ट करून काय करणार?" हे ऐकायला निर्दय वाटतं, पण त्यामागे कायदाच आहे. ब्रेन डेथला मरण मानणारा आपला कायदा अवयव प्रत्यारोपणाचा, १९९४ चा. जन्ममृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातली मरणाची व्याख्या जुनीच, जिवंतपणाच्या सगळ्या खुणा कायमच्या जाण्याची. म्हणजे देणगी नसेल तर ती मुलगी कागदावर धड मेलेलीही नाही, आणि यंत्र बंद करायचं बळ कुणा एकाच्या सहीत नाही. केरळने २०२० मध्ये सरकारी आदेश काढून हा घोळ मिटवला. इतरत्र डॉक्टर घाबरून असतात.

मग जे होतं ते झालं. पैसे संपले आणि सासऱ्यांनी डामावर सही केली, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी नेतो म्हणून. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये व्हेंटिलेटर नव्हतं. मुलीच्या धाकट्या भावाला अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, कशी दाबायची ते मी शिकवलं. एक हात खाली, एक वर, दाब, सोड, मनात तीन मोज, पुन्हा दाब. तो फार मन लावून शिकला. हे सगळं कुणी, का, कोणत्या हक्काने ठरवलं, असं विचारलं तर उत्तर बिलाच्या काउंटरवर मिळेल.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. जॉर्जियात कायद्याची भीती बाईच्या छातीवर बसली. १९९२ मध्ये जर्मनीत एरलांगेनला डॉक्टरांनी हट्टाने एका अठरा वर्षांच्या मुलीचं शरीर चालू ठेवलं, देश दोन बाजूंना वाटला गेला आणि शेवटी गर्भ पडलाच. आयर्लंडमध्ये २०१४ साली गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क देणाऱ्या घटनादुरुस्तीपायी डॉक्टर हात लावेनात. अठरा आठवड्यांची गरोदर बाई, आणि तिच्या वडिलांना हायकोर्टात जावं लागलं तेव्हा यंत्रं काढायची परवानगी मिळाली. आपल्याकडे यातलं काही नाही म्हणून आपण मोकळे, असं कुणी म्हटलं की मला तो अँबू बॅगवाला मुलगा दिसतो. कायद्याने सोडलेली जागा रिकामी राहत नाही. तिथे पैसा येऊन बसतो आणि कॉरिडॉरमधला सगळ्यात मोठ्या आवाजाचा पुरुष.

मंदारदादा माझा मामेभाऊ, दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात वकिली करतो. त्याच्याकडे गेले तेव्हा तो आधी हसला. मग रविवारची शेव-उसळ पुढ्यात निववत बसून त्याने सगळं नीट सांगितलं. सुप्रीम कोर्टाने २०१८ च्या कॉमन कॉज निकालात अशा इच्छापत्राला मान्यता दिली, पण न्यायदंडाधिकाऱ्यासमोर सही वगैरे इतक्या अटी की कुणी त्या वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी त्या सैल केल्या. आता दोन साक्षीदार, नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तुझ्या वतीने बोलणारी माणसं एकाहून जास्त नेमता येतात. एक प्रत त्यांना, एक फॅमिली डॉक्टरला आणि एक महापालिका किंवा पंचायतीच्या अधिकाऱ्याकडे. वेळ आली की रुग्णालयाचं एक मंडळ, त्यावर दुसरं मंडळ, दोघांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यायचं.

"गरोदर असेन तर?" मी विचारलं.

"त्यावर यात काही नाही. अमेरिकेत कित्येक राज्यांत गरोदर बाईचं इच्छापत्र चालतच नाही, निदान तेवढं तरी आपल्याकडे लिहिलेलं नाही. पण तुझी अडचण वेगळीच आहे. हे इच्छापत्र आजारी माणसासाठी आहे. मंडळाने तुला ब्रेन डेड ठरवलं की तू पेशंटच नाहीस. तू देह. आणि देहाबद्दल जवळच्या नातेवाइकांना विचारतात."

"म्हणजे मी मेले की माझं मत संपलं?"

"तुझं मत नातेवाइकांनी लक्षात ठेवलं तर उरलं."

म्हणून मग दोन कागद ठरले. एक इच्छापत्र, आणि दुसरा अवयवदानाच्या नोंदणीचा फॉर्म ७. दुसऱ्याचा उपयोग माझ्या दृष्टीने आडवाटेचा होता: देणगीची नोंद असेल तर रुग्णालय निदान ब्रेन डेथची तपासणी तरी करेल आणि मी अधांतरी लटकणार नाही. अर्थात देणगीलाही वेळेवर घरच्यांचीच संमती लागते, फॉर्म ८ वर. फिरून फिरून गाडी घरच्यांवर येते. तेव्हा कागदापेक्षा घरच्यांशी बोलणं हेच खरं काम, हे त्या दिवशी उसळ खाता खाता कळलं.

पहिली सहा कलमं सुहासने पटापट वाचली. व्हेंटिलेटर किती दिवस, डायलिसिस हवं की नको, नाकातून नळी. सातवं कलम गरोदरपणाचं. तिथे त्याने कागद खाली ठेवला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला.

त्याच्याऐवजी बोलल्या सासूबाई. "तू गेल्यावर तुला काय त्रास आहे? तुला काही कळणार नाही. बाळ वाचत असेल तर देह पडून राहिला चार महिने, बिघडलं काय?"

हा प्रश्न साधा वाटतो, पण मोठमोठे नीतितज्ज्ञ इथेच अडतात. मेलेल्याला इजा होते का? होत नसेल तर आपण अंत्यसंस्कार इच्छेप्रमाणे का करतो, मृत्युपत्र का पाळतो? मी त्यांना एवढंच म्हटलं की मला त्रास होणार नाही, पण सुहास रोज भेटायच्या वेळेत येऊन उभा राहील, तुम्ही डबा घेऊन याल, आणि मी ना गेलेली ना असलेली. माझा दहावा कधी करायचा ते ठरवायला तुम्ही कुणाकडे जाल?

त्यांनी दुसरी बाजू काढली. "आणि कोविडात इथल्याच एका मुलीनं हायकोर्टात जाऊन नवऱ्याचं बीज काढून ठेवलं, तेव्हा तूच म्हणालीस ना, बरं केलं?"

म्हटलं होतं. जुलै २०२१ ची गोष्ट. बडोद्याच्या एका रुग्णालयात नवरा बेशुद्ध, सही करू शकत नाही, डॉक्टर म्हणतात कोर्टाचा आदेश आणा. गुजरात हायकोर्टाने तातडीने परवानगी दिली, आणि दोनच दिवसांत तो गेला. सगळं शहर तिच्या बाजूने होतं, मीसुद्धा. त्यालाही कुणी विचारलेलं नव्हतं. तिथे काही मिनिटांचं काम होतं आणि इथे महिने, पण हा फरक वेळेचा झाला. दुसऱ्याच्या न विचारलेल्या देहातून मूल मिळवायचं का, हा प्रश्न दोन्हीकडे एकच. सासूबाईंना फिलॉसॉफी शिकवायची गरज नाही.

वर्गात हा विषय काढला तर मुलींनी आणखी पुढे नेला. ऑस्लोच्या अ‍ॅना स्माजदोर या तत्त्वज्ञ बाईंनी २०२२ मध्ये एका लेखात मांडलं होतं की आधी संमती दिलेली असेल तर ब्रेन डेड शरीरात दुसऱ्यांचं मूल वाढवायला काय हरकत आहे, अवयव देतो तसंच तर हे. वर्गात शांतता. मग आणंदकडची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे सरोगसी चालायची तेव्हा बाईला पैसे तरी मिळायचे, आणि ती घरी जायची." २०२१ च्या कायद्याने पैसे घेऊन गर्भाशय देणं बंद झालं, ते बाईचं शोषण होतं म्हणून. जिवंत बाईच्या सहीवर आपला विश्वास नाही आणि मेलेल्या बाईची सही गृहीत, हे त्या मुलीने एका वाक्यात पकडलं.

रात्री उशिरा सुहास म्हणाला, "मला एकट्याला ठरवायला लावू नकोस. आणि मला वगळूही नकोस." यातून कलम कसं लिहायचं?

वाट दाखवली आमच्या डॉक्टरीणबाईंनी. मी 'बाळ जगण्याची वाजवी शक्यता असेल तर' असं लिहिलं होतं. त्यांनी पेनाने ते खोडलं. "ह्या 'वाजवी'वर चार डॉक्टर रात्रभर भांडतील. आठवडे लिही." मग त्यांनी सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या पाठीमागे आडवी रेघ मारून खुणा केल्या. चोविसाव्याच्या आत जन्मलेलं बाळ चांगल्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूतही, क्वचितच टिकतं. अठ्ठावीसच्या पुढे बहुतेक टिकतात. मधले चार आठवडे म्हणजे दर दिवसाला चित्र बदलतं. "आणि हे पण लक्षात ठेव," त्या म्हणाल्या, "ज्या कारणाने आईचा मेंदू गेला, त्यात बाळालाही ऑक्सिजन कमी पडलेला असू शकतो. टेक्सासच्या त्या बाईचं वाचलंयस ना?"

मार्लीस मुन्योझ. पॅरामेडिक होती, नवराही तेच काम करायचा, आणि मला यंत्रांवर ठेवू नका असं तिने त्याला सांगून ठेवलेलं. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये चौदाव्या आठवड्यात ती गेली. रुग्णालयाने कायदा दाखवून ऐकलं नाही. जानेवारीत न्यायाधीशांनी आदेश दिला तोवर बावीस आठवडे झाले होते. गर्भात मोठे दोष असल्याचं नवऱ्याच्या वकिलांनी सांगितलं होतं, आणि तो जगण्याजोगा नाही हे रुग्णालयालाही मान्य होतं. तिने सांगून ठेवलं होतं तरी नवऱ्याला कोर्ट चढावं लागलं. न सांगितलेल्यांचं काय होत असेल?

शेवटी सातवं कलम असं झालं. चोवीस आठवड्यांच्या आत मी ब्रेन डेड ठरले तर केवळ गर्भासाठी माझं शरीर चालू ठेवू नये. अठ्ठावीस पूर्ण झाले असतील तर लगेच सिझेरियन करावं आणि मग यंत्रं काढावीत. मधल्या काळात सुहास आणि माझी आई या दोघांनी बालरोगतज्ज्ञांचं ऐकून ठरवावं, दर आठवड्याला पुन्हा ठरवावं, आणि कोणत्याही टप्प्यावर 'आता पुरे' म्हटलं तर कुणी त्यांना बोल लावू नये. शेवटचं वाक्य मंदारदादा काढायला सांगत होता, कायद्यात त्याला अर्थ नाही म्हणून. मी ठेवलं. ते काकांसाठी आहे.

सासूबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाल्या, "मी असते तर मला ठेवा म्हटलं असतं. शेवटपर्यंत. सातव्या महिन्यात नाही, पहिल्या महिन्यापासून."

"मग तुम्ही तसं लिहिलं असतंत, आणि मी भांडून ते पाळायला लावलं असतं," मी म्हटलं. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. वाद मिटला नाही, पण त्यानंतर अपशकुनाचं नाव निघालं नाही.

नोटरीकडे जाताना साध्या कागदावर चालतं म्हणून मी तसंच नेणार होते. मंदारदादाने ई-स्टॅम्प काढायला लावला. लागत नाही, पण कागद भारदस्त दिसला की सही लवकर होते म्हणे. साक्षीदार म्हणून शेजारच्या काकू आणि कॉलेजातली एक मैत्रीण. काकूंनी फक्त विचारलं, "यात माझ्यावर काही येत नाही ना?" नोटरीभाई पहिलं पान उलटून म्हणाले, "बेन, आ शेनुं छे? विल छे?" मग दुसरं, तिसरं. "पण मिलकत क्यां लखी छे?"

मंदारदादा म्हणाला, "मिलकत आ बेन पोते ज छे." म्हणजे मिळकत ही बाई स्वतःच.

नोटरींनी चष्म्यावरून माझ्या पोटाकडे पाहिलं, रजिस्टर पुढे केलं, अंगठा घेतला, शिक्का मारला. फी घेतली, पण टेबलावरच्या डबीतली खडीसाखरही हातावर ठेवली.

राहिली सरकारी प्रत. गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनीच स्वतःचं इच्छापत्र नोंदवून वाट पाडली, महाराष्ट्रात शहरोशहरी अशा प्रती सांभाळणारे अभिरक्षक नेमले गेले. मी ज्या कार्यालयात गेले (कोणतं ते राहू दे) तिथे खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "जन्म के मरण?" दोन विभाग, दोन रांगा. मी म्हटलं, दोन्ही थोडं थोडं. त्याने कागद वाचला, मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, तीन टेबलांवर कागद फिरवून आणला आणि परत दिला. आवक रजिस्टरात याचा कप्पा नव्हता. माणसं वाईट नव्हती. चुकीच्या कागदावर शिक्का मारून अंगाशी येऊ नये एवढीच काळजी.

मंदारदादाने तोच कागद वर एक पत्र लावून रजिस्टर एडीने पाठवला. सातवा महिना लागला तेव्हा पोचपावती परत आली. शिक्का अर्धा उमटलाय आणि सही कुणाची ते वाचता येत नाही, पण कायद्याच्या हिशेबाने प्रत पोचली. एक झेरॉक्स डॉक्टरीणबाईंच्या फाइलला लावली, एक नाशिकला आईकडे, आणि फोटो सुहासच्या मोबाइलमध्ये, पासवर्ड काकांना माहीत नाही.